तुम्ही विचारलंत म्हणून: पीएफच्या पैशातून घराचं कर्ज फेडू का?

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. पीएफ-ग्रॅच्युइटी आली की घराचं कर्ज एकरकमी फेडून मोकळा होऊ ना?" हे विचारणाऱ्यांना "हो"च ऐकायचं असतं. मी लगेच हो म्हटलं नाही की मी बँकेच्या बाजूचा. तर आता सविस्तरच सांगतो.

आधी कर्जखात्याचा उतारा काढा आणि शेवटचा हप्ता कधी आहे ते बघा. मंजुरीपत्रातली तारीख नको, आजची.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून 6.5 वर गेला. बँकांची बरीचशी फ्लोटिंग (बदलत्या व्याजदराची) कर्जं रेपोला बांधलेली, त्यामुळे त्यांचे दरही चढले. अनेक खात्यांत हप्ता तोच राहिला, ताणली गेली ती मुदत. समजा 28 लाख बाकी आहेत, दर 7 टक्के, हप्ता 23,259. कर्ज साधारण 208 महिन्यांत संपतं. दर 9.5 झाला की पहिल्या महिन्याचं व्याजच 22,167. मुद्दलात जातात 1,092 रुपये. याच हप्त्याने 388 महिने लागतील, म्हणजे बत्तीस वर्षांहून जास्त! मूळ मुदत राखायची तर हप्ता साडेसत्तावीस हजारांच्या घरात हवा होता. बापलेकाच्या संयुक्त कर्जात मुलाचं वय धरून मुदत वाढवायला जागा असते, म्हणून वडिलांची साठी उलटली तरी कुणी हटकत नाही. खात्यातून रक्कम तेवढीच कापली जाते, त्यामुळे घरात कुणाला पत्ताही लागत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. पण ते मेसेज वाचतो कोण? 2025 मध्ये दर उतरले, तरी शेवटची तारीख किती मागे आली हे उताऱ्यातच दिसेल.

आता फेडायचं. क्रेडिट कार्डची थकबाकी सगळ्यात आधी, मग पर्सनल लोन. वर्ष-दीड वर्षाचा घरखर्च आणि औषधपाण्याचे पैसे बाजूला काढा. त्यातून उरलं तर घराचं कर्ज. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, त्यामुळे थोडं थोडं भरलं तरी चालतं. भरताना "मुदत कमी" की "हप्ता कमी" हे लेखी द्या. सगळे मुदत कमी करायला सांगतात, व्याज त्यातच जास्त वाचतं हे खरंच आहे. पण पेन्शन तुटपुंजी असेल तर मी हप्ताच कमी करायला सांगेन, मग कुणी कितीही आकडेमोड दाखवो.

पूर्ण फेडलंत तर मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. सोसायटीकडे नोंदवलेला बोजा, म्हणजे फ्लॅट बँकेकडे तारण असल्याची नोंद, तोही काढून घ्या, तो बहुतेकजण विसरतात.

आता मुलाबरोबर संयुक्त कर्ज काढून "मुलगाच फेडेल की" म्हणणाऱ्यांसाठी. सहकर्जदार म्हणून तुम्ही संपूर्ण रकमेला बांधलेले आहात, निम्म्या नाही. मुलगा स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेला की हाच हप्ता त्याच्या नावावर दिसतो, म्हणून तोही मागे लागतो, "बाबा, संपवून टाका." त्याचंही चूक नाही. पण फ्लॅट तुमच्या दोघांच्या नावावर, कर्ज फिटणार तुमच्या पीएफमधून, आणि मुलीच्या वाट्याचं काय, हे कुणीच बोलत नाही. त्याला माझ्याकडेही उत्तर नाही.