चिखल तुडवायला पैसे भरले, आणि वसूल झाले

पन्हाळ्याच्या बाजूला मातीच्या घराचं वर्कशॉप होतं, तिकडं गेलेलो. आमची आज्जी म्हणाली, "पैसे देऊन चिखल तुडवायला चाललास व्हय?" आता काय बोलणार तिला.

सगळ्यात भारी वाटली ती बाटलीची टेस्ट. काचेच्या बरणीत माती अन् पाणी घालून जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं, वाळू पटकन खाली बसते, मग गाळ, आणि चिकणमाती सगळ्यात शेवटी, तीपण लई वेळ घेते, मग थर बघून कळतं कुठली किती हाय ते. चिकणमाती साधारण १५ ते ३० टक्के असली की भिंतीला चालते, जास्त झाली तर वाळताना भेगा पडतात. म्हणूनच आपल्या नदीकाठची काळी माती नुसती वापरून चालत नाही, ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, वाळू घालावीच लागते. पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, घालतात ते भिंत धरून ठेवायला. तुडवून तुडवून पोटऱ्या गेल्या पार.

चुन्याच्या गिलाव्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात हे ऐकून आम्ही कोल्हापूरकर खूशच, गुळाला इथं काय तोटा! चुना मात्र सिमेंटसारखा घाईत सेट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू कडक होतो.

बाकी मातीचं घर म्हणजे स्वस्त असं सगळे म्हणतात, ते मला तरी पटलं नाही, मजुरी धरा की राव. आणि आपल्याकडच्या पावसात दगडी जोतं अन् भिंतीच्या पुढं लांब आलेलं छप्पर नसेल तर नादच सोडा.