काठी थरथरते तेव्हा

पांढऱ्या काठीला जमिनीवरचं सगळं कळतं. खड्डा, पायरी, फुटपाथवर आडवा पसरलेला कुत्रा. पण टेम्पोचं उघडं फाळकं, मांडवाची छातीइतक्या उंचीवर बांधलेली दोरी, खिडकीबाहेर आलेला कूलर यांचा पत्ता थेट कपाळालाच लागतो. गणपतीच्या दिवसांत आमच्या पेठांमध्ये तर विचारूच नका.

म्हणून मी स्मार्टकेन घेतली. आयआयटी दिल्लीत विकसित झालेलं हे यंत्र २०१४ साली बाजारात आलं. काठीच्या मुठीवर बसतं, वटवाघळासारखं काम करतं: आपल्याला ऐकू न येणारे ध्वनितरंग सोडायचे, अडथळ्यावर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपायचा, मग मूठ थरथरवायची. अडथळा जवळ येईल तशी थरथर बदलते. पल्ला साधारण ३ मीटर. गर्दीत मी तो कमी करते, नाहीतर लक्ष्मी रोडवर हाताला उसंतच नाही.

बोलणारी मोबाइल अ‍ॅप्स आहेत की, असं भाचा म्हणतो. असतील. पण रस्त्यावर कान मला रिक्षांसाठी मोकळे हवेत, आणि पावसाळ्यात त्यावर रेनकोटची टोपी असतेच.

खड्डे मात्र या यंत्राला कळत नाहीत. ते गुडघ्याच्या वरचंच बघतं. त्यामुळे टोक टेकवत चालणं सुटलेलं नाही. चार्जिंगचं नवं काम वाढलं, ते वेगळंच. सासूबाई रात्री हाक मारतात, “अगं, काठी लावलीस का चार्जिंगला?”