आधी वजन, मग भट्टी

छापचित्राखाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ७/२० असं काहीतरी लिहिलेलं असतं. बघणाऱ्यांना तो चित्राचा अनुक्रमांक वाटतो. खरं तर तो चित्रकाराने दिलेला शब्द असतो. कोरलेल्या धातूच्या या प्लेटवरून वीसच प्रती निघणार, ही त्यातली सातवी, आणि एकविसावी कधीही निघणार नाही. शेवटची प्रत छापून झाली की प्लेटवर आडवी रेघ मारून ती रद्द करायची असते, म्हणजे उद्या मोह झाला तरी हात बांधलेले राहतात.

पुण्यात माझी मुद्राचित्रणाची कार्यशाळा आहे. एक एचिंगची, म्हणजे आम्लाने कोरलेल्या प्लेटा छापायची प्रेस, आम्लाचे ट्रे, ॲक्वाटिंटसाठी, म्हणजे राळेच्या बारीक दाण्यांमधून आम्लाने गडद-फिक्या छटा आणण्यासाठी, राळेची पेटी, कागद भिजवायचं टाकं, एवढाच पसारा. कलामहाविद्यालयातून बाहेर पडलेली मुलं माझ्याकडे येतात, कारण टनभर वजनाची प्रेस भाड्याच्या खोलीत कोण ठेवणार? महाविद्यालय सुटलं की प्रेस सुटते आणि प्रेस सुटली की बहुतेकांचं हे माध्यमच सुटतं. मला याचं फार वाईट वाटतं. त्यांचे हात तयार असतात. आम्लातून प्लेट कधी काढायची, शाई किती पुसायची, हे त्यांना कळतं. पण चित्राची किंमत कशी ठरवावी, गॅलरीशी काय बोलावं, पावती कशी करावी, नाही कसं म्हणावं, यातलं काहीही त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. माझं काम तिथे सुरू होतं.

अशीच माझ्याकडे आलेली एक मुलगी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. तिकडचं पाणी कमी आणि माणसं देशभर. विटा, खानापूर, आटपाडीकडची हजारो कुटुंबं गलाईच्या धंद्यात आहेत. भारतातल्या कुठल्याही शहराच्या सराफ बाजारात गेलात तरी मागच्या गल्लीत मराठी बोलणारा गलाईवाला सापडतो. जुने दागिने वितळवायचे, त्यात चांदी मिसळायची, तो गोळा तेजाबात उकळायचा. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते, ते शुद्ध सोनं. टाकणखार घालून ते पुन्हा मुशीत वितळवलं की लगड तयार. हिचे वडील तमिळनाडूत सेलमला हेच काम करतात. ती पहिल्या दिवशी कार्यशाळेत आली तेव्हा नायट्रिक ॲसिडच्या बाटलीला हात लावायला इतर मुलं बिचकत होती. हिने झाकण उघडण्याआधी वारा कुठून येतो ते बघितलं. तेव्हाच मी तिला ओळखलं.

तिच्या प्लेटा गलाईच्याच होत्या. त्यातली एक मला फार आवडायची. काळोखी खोली, मुशीवर वाकलेला एक माणूस, आणि सगळा उजेड खालून. ॲक्वाटिंटचे सहा-सात थर देऊन तिने तो काळोख बांधला होता. भट्टीच्या तोंडाशी मात्र जस्त आम्लापासून झाकून ठेवून कोरा कागद राखला होता. माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त मनगटं दिसतात. मुंबईतल्या एका समूह प्रदर्शनात पहिल्या काही प्रती लावल्या, चार विकल्या गेल्या. प्रत्येकी सहा हजार. उरलेल्या प्रती आम्ही नंतर छापल्या आणि त्या दिवशी सकाळी शेवटच्या ओल्या प्रती टिपकागदाच्या गठ्ठ्यात दाबून ठेवल्या होत्या. दुपारी प्लेट रद्द करायची असं ठरलं होतं.

अकराच्या सुमारास तिचे वडील आले. सेलमहून गावी निघाले होते, पण गावची वाट मागे टाकून आधी इथे आले. मुलगी नक्की काय करते, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. चहा बाजूला ठेवून ते आधी आम्लाच्या ट्रेपाशी गेले. मी एका दुसऱ्या प्लेटचं काम करत होते, जस्तावर बारीक बुडबुडे उठत होते आणि मी ते पिसाने बाजूला करत होते.

"एकास किती?" त्यांनी विचारलं.

"दहा पाणी," मुलगी म्हणाली.

"हे तर सरबतच की," ते म्हणाले. आणि लगेच, "पण धूर कुठनं जातो?" पंखा बघितला, खिडकी बघितली, आणि मगच खुर्चीवर टेकले. आयुष्यभर तो तपकिरी धूर छातीत घेतलेल्या माणसाचा तो प्रश्न होता. त्याचं उत्तर नीट देता आलं याचं मला समाधान वाटलं.

मग त्यांनी तो दुसरा प्रश्न विचारला, ज्यासाठी ते आले होते. "मॅडम, यातनं भागंल का हिचं?"

असल्या प्रश्नाला गोड उत्तर देणं मला अन्याय वाटतो. मी हिशेब मांडला. वीसच्या वीस प्रती विकल्या तर एक लाख वीस हजार. पण त्या एका वर्षात विकल्या जात नाहीत. गॅलरीतून विकल्या तर तिसरा हिस्सा, कधी निम्मा, तिकडे जातो. जस्ताचा पत्रा, शाई, सुती कागद, चौकटी, वाहतूक, सगळं तिच्या खिशातून. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, अठरा ते पंचवीस वयोगटासाठी, महिना पाच हजार, दोन वर्षं. तिचा अर्ज आम्ही भरला आहे. शाळांमध्ये ती लिनोकटच्या कार्यशाळा घेते, त्याचे पैसे नियमित येतात. "आज भागत नाही," मी म्हटलं, "तीन-चार वर्षं ओढाताण आहे. पण तिचं काम बघून मी तिला थांब म्हणणार नाही."

ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात माझा फोन वाजला.

दागिन्यांच्या दुकानांची साखळी सजवणारे एक सल्लागार होते. मुंबईच्या प्रदर्शनात त्यांनी भट्टीच्या दोन प्रती घेतल्या होत्या. माझे हात शाईने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या विद्यार्थिनीचं ते भट्टीचं चित्र मालकांना फारच आवडलंय. प्रत्येक शाखेत लावायचंय. चाळीस प्रती हव्यात. तीन हजारांनी करून द्या, एकदम पेमेंट."

एक लाख वीस हजार. खोलीत तिघांच्याही मनात तो आकडा एकाच वेळी झाला असावा. टेबलावर ती प्लेट शाई पुसून स्वच्छ पडली होती, रेघ अजून मारलेली नव्हती.

मी म्हटलं, "ती इथेच आहे, तिच्याशी बोला."

"तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं ती ऐकेल."

ती ऐकेल, म्हणूनच मला सांगायचं नव्हतं. मी हात पुसून फोन तिच्या हातात दिला.

इथे थोडं थांबून सांगते. आमच्या माध्यमात कृष्णा रेड्डी हे फार मोठं नाव. आंध्रातल्या खेड्यात जन्म, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिक्षण, मग पॅरिसला स्टॅन्ले विल्यम हेटर यांच्या 'अतेलिए १७' या कार्यशाळेत. हेटर यांनी ती १९२७ मध्ये सुरू केली होती. तिथे नवखे आणि नावाजलेले एकाच टेबलावर प्लेटा कोरत. हेटर स्वतःही त्यांच्यातच काम करत. एकाच प्लेटवर कमी-जास्त दाट शाया देऊन एकाच दाबात अनेक रंग छापायची पद्धत त्या कार्यशाळेत घडली आणि तिच्यात रेड्डींचा वाटा मोठा आहे. शिकायला आलेले रेड्डी पुढे हेटर यांच्याबरोबर त्याच कार्यशाळेचे सहसंचालक झाले. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती ही शेवटची गोष्ट. ज्येष्ठाने शेजारची जागा मोकळी करून द्यायची आणि नवख्याने ती घ्यायची. आपल्याकडे गुरूच्या सावलीचं फार कौतुक होतं. मात्र मुलं सावलीतच राहिली तर ग्राहक गुरूला फोन करतो, पैशांचं गुरू बोलतो, आणि चाळिशीतला चित्रकारसुद्धा 'अमक्यांचा विद्यार्थी' एवढाच उरतो. असे कितीतरी गुणी लोक मी बघितलेत.

तिने फोन घेतला तेव्हा तिचा आवाज आधी बारीक होता.

"सर, त्या प्लेटच्या वीसच प्रती आहेत. चार गेल्या, सोळा शिल्लक आहेत. त्या तुम्ही घेऊ शकता, सहा हजारांनी."

"पण मला चाळीस हव्यात. प्लेट तर आहे ना तुमच्याकडे? छापायला काय लागतं?"

"प्लेट आहे, सर. पण वीसवर थांबणार असं मी लिहून दिलंय. तुमच्या दोन प्रतींवर पण तेच लिहिलंय."

पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मी तिच्याकडे बघत नव्हते. बघितलं असतं तर तिने उत्तर माझ्या चेहऱ्यावर शोधलं असतं. मी ट्रेमधली प्लेट धुवायला घेतली.

मग तीच बोलली. "तुम्हाला गलाईचंच चित्र हवं असेल तर मी नवीन प्लेट करते. तुमच्या शाखांसाठी वेगळी. जस्तावर चाळीस प्रती टिकणार नाहीत, बारीक दाणा झिजतो. तांब्यावर करावी लागेल. खर्च वाढेल. दर तीन हजार नाही जमणार."

दर किती ते तिने लगेच सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत लिहून पाठवते म्हणाली आणि फोन ठेवला. तिचा हात थरथरत होता, पण तिने जे सांगितलं त्यातला एकही शब्द मला बदलावासा वाटला नाही.

वडील खुर्चीत पुढे सरकले होते. "एवढं पैसं सोडलंस?"

"अण्णा, विकलेल्या चारही प्रतींवर मी वीस लिहून दिलंय."

ते क्षणभर गप्प राहिले. "लिहून दिलंय म्हटल्यावर झालं." मग लगेच, "आणि आता ह्या माणसाकडनं काय लिहून घेणार?"

मला जे बोलायचं होतं ते त्यांनीच काढलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक तरतूद आहे, जी प्रत्येक तरुण चित्रकाराला पाठ असायला हवी. आपण स्वतःहून केलेलं चित्र विकलं तर ग्राहकाला कागद मिळतो, कॉपीराइट आपल्याकडेच राहतो. पण कोणी पैसे देऊन, सांगून, आपल्याकडून चित्र किंवा एनग्रेव्हिंग करून घेतलं, आणि वेगळा करार केलेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते काम करवून घेणारा ठरतो. कायद्यातल्या 'एनग्रेव्हिंग' या शब्दात एचिंग, लिथोग्राफ, वुडकट सगळं येतं. म्हणजे लेखी काही न करता तिने ती तांब्याची प्लेट केली असती, तर उद्या त्या सराफाने तेच चित्र डब्यांवर, पिशव्यांवर, जाहिरातीत छापलं असतं आणि तिला तोंड उघडायला जागा राहिली नसती. एका ओळीने हे टळतं: या कामाचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. ती ओळ काम सुरू होण्याआधी लिहायची.

वडिलांनी मान हलवली. "आमच्यात पण तेच. गिऱ्हाइकाच्या समोर दागिना काट्यावर ठेवायचा, वजन चिठ्ठीवर लिहायचं, सही घ्यायची. आधी वजन, मग भट्टी. एकदा मुशीत पडलं की कुणाचं किती, कोण सांगणार?"

तिने वहीत 'आधी वजन' असं लिहून घेतलेलं मी बघितलं.

मग प्लेट रद्द करायची होती. तिने शलाका हातात घेतली आणि अडली. तोपर्यंत वडील प्लेटजवळ येऊन बघत होते. जस्तावर चित्र उलटं असतं आणि शाईशिवाय पटकन वाचता येत नाही, म्हणून त्यांनी शेजारची छापलेली प्रत उचलली.

"हा कोण?"

"तुम्हीच," ती म्हणाली.

त्यांनी स्वतःची मनगटं पालथी करून बघितली, मग पुन्हा चित्रातली. मी तिला म्हटलं, कोपरा कापला तरी चालतं, काही जण भोक पाडतात. तिने वडिलांकडे बघितलं.

"मार की रेघ," ते म्हणाले. "मी हितं उभा हाय."

तिने वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत एकच खोल रेघ ओढली. त्याची एक प्रत आम्ही छापली, पुरावा म्हणून जपून ठेवायला. शाई लावली वडिलांनी. जाळीच्या कापडाने पुसताना मुलगी त्यांना सांगत होती, इतकं दाबू नका, अण्णा, रेघेतली शाई निघते.

ते गावी निघाल्यावर आम्ही दोघी कराराला बसलो. मसुदा तिने लिहिला, मी फक्त प्रश्न विचारत गेले. किती प्रती? चाळीस आणि चार चित्रकाराच्या. दर? साडेपाच हजार, तांबं आणि कागद धरून. कॉपीराइट कोणाचा? नमुना प्रत पसंत पडली नाही तर काय? किती वेळा बदल? आगाऊ रक्कम? तिने निम्मी लिहिली. तोच कागद तिने आधी वडिलांना पाठवला. त्यांनी फोन करून एकच भर घालायला सांगितली: आगाऊ रक्कम खात्यात आल्याशिवाय तांबं विकत घ्यायचं नाही. ती ओळही घातली.

सल्लागारांनी आठवडाभर घासाघीस केली. माझ्याशी नाही, तिच्याशी. दर पाच हजारांवर आला, आगाऊ चाळीस टक्क्यांवर, कॉपीराइटची ओळ मात्र जशीच्या तशी राहिली. सही झालेला कागद तिने मला दाखवायला आणला तेव्हा तांब्याचा पत्रा तिच्या पिशवीत होता, आणि ती विचारत होती, तांबं कोरायचा फेरिक क्लोराइडचा ट्रे आज मोकळा आहे का.