किगालीत कंपनी नोंदवताना

रवांडात कंपनीची नोंदणी सहा तासांत होते, असं सगळे सांगतात. खोटं नाही ते. फक्त सहा तास मोजायचे ते कागद बिनचूक चढवल्यानंतर. पुण्यातल्या एका लघुउद्योगाची उपकंपनी काढताना आमचे तीन आठवडे गेले, आणि ते बहुतेक भारतातच गेले.

भागधारक व्यक्ती असेल तर पासपोर्टच्या प्रतीवर भागतं. कंपनी असेल तर तिचं नोंदणीपत्र आणि संचालक मंडळाचा ठराव लागतो: आधी नोटरी, मग चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेलं प्रमाणपत्र. जून 2024 पासून रवांडात ॲपोस्टिल चालतं, त्यामुळे दूतावासाचा हेलपाटा वाचला. तरी ठराव परत आलाच. त्यात आडनाव आधी होतं, पासपोर्टवर वडिलांचं नाव ‘दिलेल्या नावा’त (गिव्हन नेम). फॉर्म भरताना पासपोर्टची ओळ जशीच्या तशी उतरवायची, आपली सवय बाजूला ठेवायची. मालकीची साखळी कितीही लांब असली तरी शेवटी हाडामांसाच्या माणसापर्यंत पोचवावी लागते.

पत्ता पाच पायऱ्यांत द्यायचा: प्रांत, जिल्हा, सेक्टर, सेल आणि उमुदुगुदू, म्हणजे गाव-वस्ती. भाडेकरार करतानाच घरमालकाकडून हे सगळं लिहून घ्या. मोबाइल आणि ईमेल मात्र कंपनीचाच. आमच्या एजंटाने स्वतःचा दिला होता. करखात्याचे सगळे निरोप त्याच्याकडे जात होते, आणि ते बदलून घ्यायला नोंदणीपेक्षा जास्त वेळ लागला.

ऑनलाइन नोंदणीला शुल्क नाही. प्रमाणपत्रावरचा नऊ आकडी कंपनी क्रमांक हाच कर क्रमांक. सोय आहे, पण त्याच क्षणी करखात्याच्या वहीत तुमचं पान उघडतं. धंदा सुरू झाला नसला तरी 31 मार्चपर्यंत शून्याचं वार्षिक विवरणपत्र भरावंच लागतं, नाहीतर दंड. जिल्ह्याच्या व्यापार परवान्याचा कर 31 जानेवारीपर्यंत. वर्षाची उलाढाल 2 कोटी रवांडन फ्रँकच्या वर गेली, किंवा एका तिमाहीत 50 लाखांवर, की 18 टक्के व्हॅटची नोंदणी सक्तीची. व्हॅटचं विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. उलाढाल 20 कोटींच्या आत असेल तर तिमाही चालतं.

जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस’ यादीत 2020 साली रवांडा 38 वा होता, भारत 63 वा. ती यादीच 2021 मध्ये बंद पडली, आणि तसंही ती मुख्यतः कागदावरचे नियम मोजायची. माझ्या मते इथली खरी सुधारणा ईबीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बिलिंग मशीनच्या बिलात आहे. 2013 पासून आलेल्या या पद्धतीत प्रत्येक बिल थेट करखात्यापर्यंत पोचतं. 2024 पासून ग्राहकाने बिल मागून घेतलं तर त्यातल्या व्हॅटचा दहावा हिस्सा त्याला परत मिळतो, त्यामुळे दुकानदारावर नजर ठेवायला गिऱ्हाईकच उभं असतं.

याची दुसरी बाजू खरेदीत कळते. ईबीएम बिल नसेल तर खर्च करातून वजा होत नाही, आणि बिलावर तुमचा कर क्रमांक चुकला तर व्हॅटची वजावट अडते. आम्ही कार्यालयाची टेबलं रस्त्याकडेच्या सुताराकडून घेतली. काम छान, दर कमी, बिल नाही. कराच्या हिशेबात तो खर्च धरला गेला नाही आणि त्या रकमेवर 28 टक्के आयकर वेगळा बसला.