चांदेकर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या दारावर एक पितळी पाटी आहे. दर दिवाळीला चिंच लावून घासता घासता तिच्यावरचा अनुस्वार पार झिजला. त्यामुळे नवा पोस्टमन आला की पहिले काही महिने आम्ही 'चादेकर' असतो.

हे आडनाव पडलं कसं, याची गोष्ट घरात कधीचीच ठरलेली आहे. पणजोबा शाळेत नाव घालायला गेले, मास्तरांनी विचारलं, "कोठचे?" ते म्हणाले, "चांद्याचे." झालं, लागलं रजिस्टरला. माझा या गोष्टीवर फारसा विश्वास नाही; कारण ओळखीच्या उमरेडकरांकडेही हाच मास्तर आहे आणि काटोलकरांकडेही.

नागपुरात आडनाव ऐकलं की समोरचा मनातल्या मनात नकाशा उघडतो. रामटेके म्हटलं की रामटेक, वैरागडे म्हटलं की वैरागड. आपल्याकडे 'कर' लागतोच असं नाही, नुसत्या मात्रेवरही भागतं. फडणवीस, चिटणवीस मात्र दप्तरातले. 'नवीस' म्हणजे फारसीत लिहिणारा. आणि मुनगंटीवार, वडेट्टीवार यांच्यातला 'वार' तेलुगूतल्या आदरार्थी 'वारु'चा. म्हणजे यांना वेगळं 'साहेब' म्हणायची गरजच नाही, ते आडनावातच बसलेलं. आमच्या वाट्याला नुसता पत्ता आला.

तोही जुना. १९६४ साली चांद्याचं चंद्रपूर झालं. जुनं नाव अजून लावून बसलेले मला तिघं आठवतात : चांदा फोर्ट रेल्वे स्टेशन, भद्रावतीचा चांदा दारूगोळा कारखाना आणि आम्ही.

मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच तिकडे गेलो. गोंडराजांचा परकोट अजून शहराला वेढून उभा आहे. जटपुरा गेटच्या कमानीखाली ऑटो, सायकली, एक गाय आणि मी, असे सगळे एकमेकांत अडकलो. आत शिरल्यावर एका भांड्यांच्या दुकानातून आईसाठी तांब्याचा गडवा घेतला. दुकानदार काका पावती फाडायला बसले. नाव विचारलं. मी जरा छाती काढूनच सांगितलं, "चांदेकर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नागपूरचे का?"

"हो. पण तुम्ही कसं ओळखलं?"

"अजी, इथं तर सगळेच चांद्याचे," ते कार्बन सारखा करत म्हणाले, "इथं कोण कोणाले चांदेकर म्हणन?"