उन्हाच्या हिशेबानं कोल्हापूर: अंबाबाईपासून खिद्रापूरपर्यंत दोन दिवस

कोल्हापूरला येणारी बहुतेक मंडळी सकाळी अकराला अंबाबाईच्या रांगेत असतात, दुपारी दोनला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या ताटावर आणि चारला परतीच्या गाडीत. दर्शन होतं, गाव बघायचं राहून जातं. हे गाव काळ्या दगडाचं आहे. भर दुपारच्या उन्हात काळा दगड सपाट दिसतो, त्यावरचं कोरीव काम उठून येतं ते तिरप्या उन्हात. म्हणून कुठली वास्तू किती वाजता गाठायची हे आधी ठरवावं. पुढचा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे. पहिला दिवस गावात, दुसरा पंचगंगेच्या पाण्याबरोबर खाली नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर.

वारही ठरवून निवडावा. मंगळवार, शुक्रवार आणि रविवार हे अंबाबाईच्या गर्दीचे वार. सोमवारी टाऊन हॉलचं संग्रहालय बंद असतं. गुरुवारी वाडीला दत्तभक्तांची रीघ लागते. हे सगळं टाळून उरते ती एक चांगली जोडी: गुरुवारी गाव आणि शुक्रवारी वाडी-खिद्रापूर. बुधवार-गुरुवार जमत असेल तर तेही चालेल, फक्त वाडीत तासभर जास्त धरा.

रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांपासून चालत जाण्याइतके जवळ आहेत. तिथून देऊळ अडीच किलोमीटरच्या आसपास. स्वतःची गाडी असेल तर ती बिंदू चौकातल्या वाहनतळावर लावावी आणि पुढे चालत जावं. महाद्वार रोडवर गाडी घालण्याचा मोह आवरा, तिथून बाहेर निघायला अर्धा तास जातो. नवरात्रात तर देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंदच असतात. बिंदू चौकात जुन्या कोटाचे बुरूज अजून उभे आहेत. तिथेच महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ते ९ डिसेंबर १९५० ला, म्हणजे बाबासाहेब हयात असताना बसवले गेले. दोन मिनिटं थांबून बघावेत असे आहेत.

देऊळ पहाटे पाचच्या सुमारास उघडतं. साडेपाच-सहाला पोचलात तर सुटीचा दिवस सोडून रांग सरकती मिळते. नऊनंतर ती फुगत जाते. वेळ कमी असेल किंवा सोबत म्हातारी माणसं असतील तर मुखदर्शनाच्या रांगेत उभं राहा. त्यात गाभाऱ्याजवळ जाता येत नाही, पण देवी समोरून नीट दिसते. अंगभर कपडे घाला. आत फोटोला बंदी आहे, तेव्हा मोबाईल खिशातच राहू द्या. दाराशी ओटीचं ताट घेण्याचा आग्रह होतो. ओटी भरायची असेल तर जरूर घ्या, नाहीतर एक वेणी किंवा मूठभर फुलंही पुरतात.

मूर्ती दगडी आहे, उंची सुमारे ३ फूट, चार हात. हातांत महाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग आणि शिवलिंग, मागे सिंह. नेसवलेल्या साडीत यातलं फारसं दिसत नाही. धामधुमीच्या काळात लपवून ठेवलेली ही मूर्ती १७१५ साली विजयादशमीला पुन्हा स्थापन झाली. डावी-उजवीकडे महाकाली आणि महासरस्वती, आणि देवीच्या डोक्यावरच्या मजल्यावर मातृलिंगाचं देऊळ आहे.

दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, म्हणजे त्याची पाठ पूर्वेला. साडेसात-आठला ऊन आवारात उतरलं की मागच्या बाजूनं एक सावकाश प्रदक्षिणा घाला. भिंत सरळ नाही, चांदणीच्या टोकांसारखी आत-बाहेर मोडत जाते. प्रत्येक मोडणीची एक बाजू उजेडात आणि एक सावलीत येते, आणि योगिनी, वादक, अप्सरा भिंतीतून सुट्या झाल्यासारख्या वाटतात. पुष्कळांची नाकं आणि हात फुटले आहेत. तरी एकीसमोर थांबून कमरेवरची मेखला बघा, मग दोन दगडांमधला सांधा बघा. चुना नाही, दगडावर दगड बसवलेला आहे. वरची शिखरं मात्र विटा-चुन्याची आणि बऱ्याच नंतरची. ती खालच्या कामाच्या तोडीची नाहीत. शेषशायी विष्णूच्या मंडपाचं छतही चुकवू नये, तिथे जैन तीर्थंकरांच्या मूर्ती कोरल्या आहेत. आवारात दुरुस्तीची कामं निघत असतात, त्यामुळे एखादा भाग झाकलेला सापडेल. उन्हाळ्यात दहानंतर फरशी पायाला चटके देते, सोबत मोजे ठेवा.

मावळतीचं ऊन थेट देवीपर्यंत पोचतं त्या किरणोत्सवासाठी येणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हे त्याचे दिवस. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. त्याच्या सुमारे ४१ दिवस आधी आणि तितकेच दिवस नंतर तो मावळतो ती जागा एकच असते, म्हणून वर्षातून दोनदा हा योग येतो. मावळतीचं ऊन महाद्वारातून शिरतं, गरुड मंडपाची जागा, गणपती चौक, पितळी उंबरा, कासव चौक असं सरकत गाभाऱ्यात जातं. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम मानला जातो. दरवेळी तो पुरा होत नाही. क्षितिजावर ढग किंवा धुरकट हवा असली की किरणं वाटेतच फिकी पडतात, आणि मार्गावर वाढलेली बांधकामंही आड येतात. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहाच्या. साडेचारच्या आत आवारात नसाल तर बाहेरच्या पडद्यावरच बघावं लागेल. तिन्ही दिवस राहता येत नसेल तर मधला दिवस निवडा.

देवळातून भवानी मंडप दोन-तीन मिनिटांवर. हाच जुना राजवाडा. उंच नगारखान्याखालून आत शिरलं की चौक आणि तुळजाभवानीचं देऊळ लागतं. छत्रपती घराण्याची ही कुलदेवता. इथे अर्धा तास पुरतो. शेजारीच खासबाग मैदान आहे, शाहू महाराजांनी बांधलेला कुस्तीचा आखाडा. आखाडा खाली आणि बसायची जागा चढत जाणारी, त्यामुळे कुठूनही लाल माती दिसते.

नऊ-साडेनऊला मिसळ खाऊन घ्या. इथे ती पावाच्या लादीऐवजी बऱ्याचदा स्लाइस ब्रेडबरोबर येते आणि कट वेगळा मिळतो. सवय नसेल तर कट आधी थोडाच घाला, वाढवून घेता येतो.

उन्हाची वेळ संग्रहालयांना द्यावी. सीपीआर रुग्णालयासमोरचा टाऊन हॉल १८७० च्या दशकातला, मेजर चार्ल्स मँट यांनी बांधलेला. आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू आहेत. त्यातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती शोधून बघा. ती वीतभरही नाही, घाईत पुढे निघून जाल. समुद्र इथून घाटापलीकडे आणि तरी हा देव पंचगंगेच्या काठी कसा आला, याचं उत्तर सातवाहनकाळातल्या रोमी व्यापारात आहे. कोल्हापूर किती जुनं आहे, हे ही एवढीशी मूर्ती सांगून जाते.

नवीन राजवाडाही मँट यांच्याच आराखड्याचा. काम १८७७ ला सुरू होऊन १८८४ ला संपलं. मँट त्याआधीच, १८८१ मध्ये वारले. टाऊन हॉलवरून रिक्षानं दहा मिनिटं लागतात, भाडं बसण्याआधी ठरवा. तळमजल्यावर छत्रपती शहाजी संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर राजघराण्याचं निवासस्थान असल्यानं तिथे जाता येत नाही. शस्त्रं, पोशाख, शिकारीचे फोटो आणि पेंढा भरलेली जनावरं यांतच लोक थकतात आणि दरबार हॉलमधून पाच मिनिटांत निघून जातात. उलट करा. दरबार हॉल दुमजली उंचीचा आहे, आणि त्याच्या रंगीत काचांमध्ये शिवचरित्रातले प्रसंग रंगवलेले आहेत. काच बाहेरच्या उजेडानं जिवंत होते, ढगाळ दिवशी रंग मिटून जातात. आत फोटो काढता येत नाहीत. बाहेर आलात की थोडं लांब जाऊन मधला घड्याळाचा मनोरा आणि घासून गुळगुळीत केलेला काळा दगड बघा. सकाळी देवळात पाहिलेला दगड नि हा एकाच जातीचा, घडवण्याची रीत तेवढी वेगळी.

इथवर आलाच आहात तर कसबा बावड्याच्या रस्त्यावरचा लक्ष्मीविलास पॅलेस बघून घ्या. २६ जून १८७४ ला शाहू महाराजांचा जन्म तिथे झाला. ज्या राजानं १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासांसाठी राखल्या, त्याचं हे घर नवीन राजवाड्यापेक्षा साधं आहे. माझ्या मते गर्दी टाळून शांतपणे बघण्यासारखी कोल्हापुरातली ही पहिली जागा.

साडेचार-पाचला पंचगंगा घाट. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या मिळून पंचगंगा होते, संगम वरच्या अंगाला प्रयाग चिखलीला. घाटावरची लहान देवळं, दीपमाळा आणि राजघराण्यातल्यांच्या समाध्या पावसाळ्यात पाण्याखाली जातात. त्यामुळे दसऱ्यापर्यंत खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. चप्पल घालून तिथे उतरू नका, आणि पायरी ओली दिसली तर वरच थांबा. पावसाळ्यात येणार असाल तर निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पाणी ३९ कडे सरकायला लागलं की वाडी-खिद्रापूरचा बेत रद्दच करा, खालच्या अंगाचे रस्ते पटापट बंद होतात.

सूर्यास्त रंकाळा तलावावर. चौपाटीच्या बाजूला उभे राहिलात तर सूर्य समोर शालिनी पॅलेसच्या मागे उतरतो. पॅलेस बंद आहे, बाहेरूनच बघायचा. पाणी कमी असेल तर तलावातला दगडी संध्यामठ उघडा दिसतो, भरल्या तलावात तो बुडालेला असतो. परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबा. म्हैस समोर उभी असते, धार तुमच्यासमोर काढली जाते, आणि फेसाळ कोमट दूध पेल्यात येतं. ते न तापवलेलं असतं, पोट नाजूक असेल तर पिऊ नका.

चप्पल घ्यायची असेल तर संध्याकाळीच घ्या, दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात आणि माप बरोबर बसतं. अस्सल जोड कातड्याच्या वादीनं शिवलेला असतो, त्यात खिळा नसतो. थोडा घट्टच घ्यावा, चार दिवसांत सैलावतो.

दुसऱ्या दिवशी आठला निघा. शिरोळमार्गे नरसोबाची वाडी पन्नास किलोमीटरच्या आत आहे. एसटी मध्यवर्ती स्थानकावरून भरपूर मिळतात. खिद्रापूरला मात्र कुरुंदवाडहून जावं लागतं आणि गाड्या मोजक्या, तेव्हा दुसऱ्या दिवसासाठी गाडी ठरवलेली बरी. वाडीत कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. दत्ताच्या पादुका नदीच्या इतक्या जवळ आहेत की पूर आला की पाणी एका बाजूनं शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. बासुंदी आणि कवठाची बर्फी इथूनच घ्या.

खिद्रापूरला पावणेबाराच्या आत पोचायचं. सगळ्या सहलीत मध्यान्हीच बघायची अशी ही एकच वास्तू. कोपेश्वर या इथल्या शिवमंदिराचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आहे, आणि मधल्या १२ खांबांच्या कड्यावर छत नाही, तिथे सुमारे १३ फुटांचं गोल आकाश आहे. खाली तेवढीच गोल शिला. घड्याळात बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास सूर्य इथे माथ्यावर येतो. मेच्या पहिल्या आठवड्यात उन्हाचा गोल जवळजवळ त्या शिलेवरच उतरतो, हिवाळ्यात तो उत्तरेकडे सरकलेला असतो. कडेला वाहनांवर बसलेले अष्टदिक्पाल आणि कार्तिकेय बघायला मान दुखते, सतरंजी घेऊन जा आणि सरळ आडवे व्हा. बाहेर हत्तींचा थर, दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा शिलालेख. समोर नंदी नाही. तो कृष्णेपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे. गावातच आदिनाथाची बस्ती, म्हणजे जैन देऊळही आहे, अर्धा तास तिला द्या. जेवणाची चांगली सोय गावात मिळेलच असं नाही, डबा आणि पाणी बरोबर असू द्या.

ज्यांना एकच दिवस निवडायचा असेल त्यांनी त्रिपुरारी पौर्णिमा धरावी. त्या पहाटे पंचगंगा घाट पणत्यांनी भरतो. नोव्हेंबरात सूर्य जितका दक्षिणेला असतो तितकाच पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला असतो, म्हणून त्या रात्री बाराच्या सुमारास तो खिद्रापूरच्या त्या गोल आकाशात येतो. घाटावर चारच्या आत जागा धरा, दुपारी झोप काढा, आणि संध्याकाळी सातलाच कुरुंदवाड ओलांडा. पुढचा रस्ता अरुंद आहे आणि गाडी गावाबाहेर लावून चालावं लागतं. नदीकाठची थंडी असते, घोंगडी विसरू नका.