हंगाम उलटल्यावर: सेलमधले कपडे आणि अटलांटिकवरच्या बोटी

पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या मधल्या वीस वर्षांत लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्कमधले मोठे कापड-दुकानदार आणि अटलांटिक महासागरावर बोटी चालवणाऱ्या कंपन्या यांना एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे हातातला माल तारीख उलटताच कवडीमोल होण्याची. जानेवारीत न खपलेला लोकरीचा कोट पुढच्या थंडीपर्यंत गोदामात ठेवता येतो खरा, पण तोवर त्याचा कट जुना झालेला असतो. बोटीचे तर त्याहून कठीण. शिडी काढली आणि दोर सोडले की रिकाम्या राहिलेल्या बर्थचे पैसे कायमचे बुडाले. कोळसा किंवा तेल मात्र तेवढेच जळणार आणि खलाशांचा पगारही तेवढाच द्यावा लागणार. या काळातल्या दुकानांच्या जाहिराती आणि बोट कंपन्यांची माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा मला छंद आहे. दोघांनीही भाव उतरवले, पण दुकानदारांनी ते दवंडी पिटून उतरवले आणि बोट कंपन्यांनी मात्र कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, असे माझे त्यावरून मत झाले आहे.

दुकानांची रीत तोवर चांगलीच रुळलेली होती. लंडनमध्ये नवे वर्ष लागले की हिवाळी सेल आणि जूनअखेरीस किंवा जुलैत उन्हाळी सेल, हे वेळापत्रक गिऱ्हाइकांना तोंडपाठ असे. सेलच्या शेवटी उरलेसुरले तुकडे, एकाच मापाचे राहिलेले बूट, जोडीतला दुसरा हरवलेले हातमोजे असा किडुकमिडुक माल काढून टाकण्यासाठी वेगळा दिवस राखलेला असे. गॉर्डन सेल्फ्रिज यांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटवर 1909 मध्ये दुकान उघडले आणि दोनच वर्षांत तळघरात स्वस्त मालाचा कायमचा विभाग सुरू केला. अर्थात सेलमधला सगळाच माल हंगामातून उरलेला नसे. बराचसा खास सेलसाठीच कारखानदारांकडून स्वस्तात उचललेला असे, आणि चाणाक्ष गिऱ्हाइकांना ते ठाऊकही असे.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रामाणिक वाटते ती बॉस्टनच्या फाइलीन दुकानाच्या तळघरातली पद्धत. एडवर्ड फाइलीन यांनी 1909 मध्ये सुरू केलेल्या या विभागात प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर ती विक्रीला मांडल्याची तारीख छापलेली असे. मांडल्यापासून विक्रीचे बारा दिवस उलटले की किंमत पाव भागाने उतरे, अठरा दिवसांनंतर ती निम्म्यावर येई, चोवीस दिवसांनंतर मूळ किमतीच्या चौथाईवर येई आणि तीस दिवसांतही वस्तू कोणी नेली नाही तर ती धर्मादाय संस्थेला दिली जाई. घासाघीस नाही, विक्रेत्याची मनधरणी नाही. हवा असलेला झगा आज घ्यायचा की आणखी सहा दिवस थांबून तो दुसऱ्या कोणी उचलण्याचा धोका पत्करायचा, एवढाच प्रश्न गिऱ्हाइकापुढे असे. महामंदीच्या वर्षांत वरच्या मजल्यांवर शुकशुकाट असताना या तळघरानेच दुकान तगवून धरले.

बोट कंपन्यांना असे करता येत नव्हते, कारण त्यांचे हात त्यांनी स्वतःच बांधून घेतलेले होते. अटलांटिकवरच्या बड्या कंपन्यांनी आपापसात करार करून प्रत्येक वर्गाचे किमान भाडे ठरवलेले होते. उन्हाळी हंगामाचे दर वेगळे आणि हंगामाबाहेरचे कमी, एवढी मुभा होती. पण कोणी उठून भाडे निम्म्यावर आणल्याचे जाहीर करावे, ही सोय नव्हती. शिवाय किमान भाडे बोटीचा आकार, वेग आणि वय पाहून ठरे. यातून जी पळवाट निघाली ती दुकानदारांनाही सुचली नसती. ठरलेल्या दरांना हात लावायचा नाही, वर्गाचे नाव तेवढे बदलायचे. जुनी, संथ बोट असेल तर तिच्यावरचा पहिला वर्ग रद्द करून त्याला ‘केबिन’ म्हणायचे. खोल्या त्याच, खुर्च्या त्याच, पण नियम दुसरा आणि दर कमी. पुढे हे लोण इतके वर गेले की 1936 मध्ये ‘क्वीन मेरी’ पहिल्या सफरीला निघाली तेव्हा त्या काळच्या त्या सर्वांत दिमाखदार बोटींपैकी एकीवर पहिला वर्ग नावालाही नव्हता. केबिन, टुरिस्ट आणि थर्ड हे तीनच वर्ग होते.

यातला टुरिस्ट वर्ग कसा जन्मला, ही या काळातल्या धंद्याची सगळ्यांत रंगतदार हकीकत आहे. युद्धापूर्वी बोट कंपन्यांचा खरा पैसा झुंबरांखालच्या पहिल्या वर्गात नव्हता. तो तळाशी, अमेरिकेत कायमचे राहायला निघालेल्या गोरगरिबांच्या गर्दीत होता. 1907 या एका वर्षात अमेरिकेत बारा लाखांहून अधिक माणसे अशी उतरली. मग 1921 मध्ये अमेरिकेने देशवार कोटा लावला आणि 1924 च्या कायद्याने तो आणखी आवळून वर्षाला सुमारे 1 लाख 65 हजारांवर आणला. अटलांटिकवरच्या बोटींचे खालचे मजले पाहता पाहता ओस पडले. कंपन्यांनी तिथल्या मोठ्या दालनांच्या जागी दोघा-चौघांच्या लहान खोल्या केल्या, भिंतींना रंग दिला, ताटांखाली पांढरे मेजपोस घातले आणि त्याला ‘टुरिस्ट थर्ड केबिन’ असे नाव देऊन तीच जागा विद्यार्थी, शिक्षक, कारकून आणि हौशी चित्रकार यांना विकली. ज्या मार्गाने काल पोलंडचा शेतकरी पश्चिमेला गेला होता, त्याच मार्गाने आज ओहायोची शाळामास्तरीण उन्हाळ्याच्या सुटीत पूर्वेला निघाली. पडून राहिलेला माल झटकून पुसून नव्या गिऱ्हाइकापुढे मांडण्याचे याहून यशस्वी उदाहरण मला तरी माहीत नाही.

या नव्या प्रवाशांना पटकन पटलेली गोष्ट म्हणजे कपड्यांची सुटका. वरच्या वर्गात संध्याकाळचा पोशाख हा मोठाच उद्योग होता. बोट सुटण्याची पहिली रात्र आणि पोहोचण्याच्या आदली रात्र सामानाच्या बांधाबांधीमुळे माफ असे. मधल्या प्रत्येक रात्री पुरुषांनी काळा कोट आणि स्त्रियांनी लांब झगा घालूनच जेवायला यावे, हा संकेत होता. ‘इल द फ्रान्स’ आणि पुढे 1935 मध्ये आलेली ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच बोटींवर तर भोजनगृहात शिरताना रुंद जिन्यावरून सर्वांच्या नजरांसमोर उतरावे लागे, आणि तो जिना त्याच हेतूने बांधलेला होता, याविषयी मला शंका नाही. सकाळी डेकवर लोकरी पोशाख, दुपारी चहासाठी वेगळा आणि रात्री तिसरा, असे पाच-सहा दिवस चालवायचे म्हणजे सामान किती लागत असेल! टुरिस्ट वर्गात यातले काही नव्हते. एक बरा सूट किंवा एक बरा झगा असला की भागत असे.

सामानाची व्यवस्था जरा जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पेटीवर कंपनीची चिठ्ठी चिकटवलेली असे आणि तीवर प्रवाशाच्या आडनावाचे पहिले अक्षर ठळक छापलेले असे. एक चिठ्ठी ‘प्रवासात लागणारे’ अशा सामानाची आणि दुसरी ‘न लागणारे’ अशा सामानाची. दुसऱ्या प्रकारच्या पेट्या थेट तळातल्या कोठारात जात. केबिनमध्ये जाणारी ट्रंक मुद्दाम बुटकी बनवलेली असे, म्हणजे ती बर्थखाली सरकवता येई. पैसेवाल्यांकडे उभी वॉर्डरोब ट्रंक असे. ती आडवी न उघडता पुस्तकासारखी उघडे. एका अंगाला हँगरवर झगे लटकलेले, दुसऱ्या अंगाला खण, खालच्या बाजूला बुटांचा कप्पा. म्हणजे फडताळच बरोबर घेऊन निघाल्यासारखे. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्यावर ही अक्षरे पुन्हा कामी येत, कारण प्रवाशाने आपल्या आडनावाच्या अक्षराच्या पाटीखाली आपल्या पेट्यांजवळ उभे राहून कस्टमच्या अंमलदाराची वाट पाहायची असे.

आणि तिथे खरी गंमत होई. परदेशातून परतणाऱ्या अमेरिकन रहिवाशाला 100 डॉलरपर्यंतची खरेदी करमुक्त होती. त्यावरच्या कपड्यांना भरभक्कम जकात बसे. मोह मात्र मोठा होता. युद्धापूर्वी एका डॉलरला पाचाच्या आसपास फ्रँक मिळत. 1926 च्या जुलैत फ्रँक इतका घसरला की डॉलरला जवळजवळ 50 फ्रँक मिळू लागले. त्या उन्हाळ्यात अमेरिकन प्रवाशाच्या दृष्टीने सगळे पॅरिसच सेलमध्ये निघालेले होते, आणि त्या सुकाळाने पॅरिसकरांचा संताप झाला, यातही नवल नाही. जकात चुकवण्यासाठी काही चतुर स्त्रिया पॅरिसच्या झग्यावरची शिवणगृहाच्या नावाची पट्टी उसवून तिथे अमेरिकन दुकानाची पट्टी शिवून घेत. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधले काही शिवणकारखाने आपल्या झग्यांना पॅरिसच्या खोट्या पट्ट्या लावत होते. खऱ्याला खोटी पट्टी आणि खोट्याला खरी वाटणारी पट्टी, असा हा दुहेरी व्यवहार एकाच शहरात चाललेला होता. पॅरिसच्या पोशाखकार माद्लेन व्हियोने यांनी तर नकलांना कंटाळून आपल्या कपड्यांच्या पट्टीवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवायला सुरुवात केली होती.

नकलेचा हा धंदा बोटींच्या वेळापत्रकावर चाले. पॅरिसच्या बड्या शिवणगृहांचे नवे नमुने जानेवारीअखेर ते फेब्रुवारी आणि जुलैअखेर ते ऑगस्ट या दिवसांत दाखवले जात. अमेरिकन दुकानांचे खरेदीदार त्यासाठी जानेवारीत, म्हणजे अटलांटिक सर्वांत खवळलेला आणि बोटी सर्वांत रिकाम्या असताना, युरोपला निघत. मागे त्यांच्याच दुकानांत जुन्या मालाचा सेल चाललेला असे आणि ते पुढचा माल ठरवायला समुद्रात हेलकावे खात असत. विकत घेतलेले नमुने आणि काढलेली रेखाटने शक्य तितक्या वेगवान बोटीने परत जात, कारण आठवडाभराच्या फरकावर नफा अवलंबून होता. 1929 मध्ये ‘ब्रेमेन’ या जर्मन बोटीने पाच दिवसांहून कमी वेळात महासागर पार केला, तेव्हा त्याचा आनंद पर्यटकांपेक्षा या मंडळींना अधिक झाला असावा, असा माझा कयास आहे.

त्याच 1929 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसचे पोशाखकार जाँ पातू यांनी हिवाळ्यासाठी दाखवलेल्या झग्यांची किनार एकदम खाली उतरवली. तोवर गुडघ्यापर्यंतच्या आखूड झग्यांनी दुकाने भरलेली होती. पॅरिसहून परतलेल्या स्त्रिया लांब किनारीत उतरू लागल्या आणि कपाटातला सगळा माल पाहता पाहता जुना दिसू लागला. त्यापाठोपाठ ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. आखूड झगे स्वस्त करून विकता येत होते, पण ते घेणाऱ्यांच्या हातात पैसा उरला नव्हता.

मंदीने बोटींचीही तीच गत केली. 1930 नंतरच्या चार-पाच वर्षांत अटलांटिक ओलांडणाऱ्यांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. बोट बांधून ठेवण्यापेक्षा चालवलेली बरी, म्हणून कंपन्यांनी सहली काढल्या. अमेरिकेत 1933 पर्यंत दारूबंदी असल्याने परदेशी निशाणाची बोट किनाऱ्यापासून पुरेशी दूर गेली की मद्याची टेबले उघडत, आणि कुठल्याही बंदराला न लागता तीन-चार दिवसांनी परत येणाऱ्या सफरीही भरून जात. ‘मॉरिटेनिया’ची गोष्ट यात विशेष आहे. 1909 पासून तब्बल वीस वर्षे वेगाचा विक्रम हिच्याकडे होता, तो ‘ब्रेमेन’ने मोडला. उतारवयात तिला पांढरा रंग देऊन कॅरिबियन समुद्राच्या सहलींवर धाडले गेले. पुढे 1935 मध्ये साउदॅम्प्टनच्या गोदीत तिच्या आतील सामानाचा लिलाव झाला आणि तिच्या भिंतींवरच्या नक्षीदार लाकडी फळ्या ब्रिस्टलच्या एका बारमध्ये जाऊन बसल्या. तिच्याच पिढीतल्या ‘ऑलिंपिक’चे सामानही त्याच वर्षी विकले गेले आणि त्यातले बरेच इंग्लंडच्या उत्तरेला ॲल्निक इथल्या हॉटेलने घेतले.

या हिवाळी सहलींनी कपड्यांच्या दुकानांना मात्र एक घबाड मिळवून दिले. डिसेंबर-जानेवारीत, थंडीच्या कोटांचा भाव रोज उतरत असताना, त्याच दुकानाच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या तागाच्या विजारी, सैल पायजमे, बिनबाह्यांचे झगे आणि रुंद टोप्या पूर्ण किमतीत मांडलेल्या असत. घेणारे थोडे, पण सवलत न मागणारे. दुकानदारांनी त्यांचा दुहेरी उपयोग करून घेतला. फ्लोरिडातल्या पाम बीचला किंवा सहलीच्या बोटीवर जो रंग आणि जो कट खपला, त्याच्या स्वस्त प्रती कारखान्यांतून काढून त्या मेमध्ये सर्वसामान्यांपुढे ठेवल्या जात. म्हणजे श्रीमंतांनी हिवाळ्यात पैसे मोजून उन्हाळ्याच्या मालाची चाचणी करून द्यायची. दुकानाला याहून सुरक्षित अंदाज कोण देणार होते?

महासागर ओलांडणाऱ्या बोटींना पुढे विमानांनी घरी बसवले, पण फॅशनच्या वर्षातला ‘क्रूझ’ हा हंगाम अजूनही आहे. मोठी शिवणगृहे आजही त्याच नावाने कपडे दाखवतात, ज्यांनी कधी बोटीवर पाऊल ठेवलेले नाही असे लोक ते घेतात, आणि नोव्हेंबरच्या सुमारास दुकानांत येणारा हा माल उन्हाळी सेल लागेपर्यंत सर्वांत जास्त दिवस पूर्ण किमतीला टांगलेला राहतो.